मागच्या दाराची पीएचपी



सुलतान बाजारातील कापडाच्या एखाद्या जुन्या दुकानात आपण कधी ना कधी गेला असाल. पुढे पांढरी गादी, गादीवर विक्रेता आणि त्याच्या हातून एकामागून एक उलगडत जाणारी लुगडी. गिऱ्हाइकाला फार वेळ ताटकळत ठेवावयाचे नाही, घेतलेली वस्तू कागदात नीट गुंडाळून द्यावयाची आणि एक गिऱ्हाईक उठले की त्याला विसरून दुसऱ्याकडे वळावयाचे, हा त्याचा धर्म. आता तोच मनुष्य गर्दी ओसरल्यावर मागच्या वखारीत गेलेला पाहा. तेथे तो गाठोडी सोडतो, ठाण मोजतो, वहीत आकडे मांडतो. कागदात गुंडाळणे नाही, गोड बोलणे नाही आणि घाईही नाही. मोजदाद संपेल तेव्हा तो उठेल. माणूस तोच, कसब तेच. दार मात्र दुसरे.

आज ज्या भाषेविषयी मी बोलणार आहे तिची चाकरी अशीच दुहेरी आहे. तिचे नाव पीएचपी. संगणकाला हुकूम सांगण्याच्या ज्या अनेक भाषा आहेत त्यांपैकी ही एक. महाजालावरील, म्हणजे इंटरनेटवरील, पाने तयार करण्यासाठी ती जन्मली आणि बहुतेकांची समजूत अशी की, पानाबाहेर तिला अस्तित्वच नाही. माझीही समजूत तशीच होती. ती कशी गेली, आणि तिच्या जाण्याने आमच्या वस्तीतील एका लहानशा मराठी ग्रंथालयाची यादी कशी हाती लागली, हे आपणांस सांगावयाचे आहे.

ह्या भाषेची जन्मकथा साधी आहे. रास्मुस लेर्डॉर्फ ह्या ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या तरुणाने १९९४ साली स्वतःच्या पानासाठी काही लहान साधने सी भाषेत लिहिली. आपले पान कोण पाहून जाते ह्याची नोंद राहावी, एवढाच त्याचा हेतू. जून १९९५ मध्ये त्याने ती साधने सर्वांस खुली केली. १९९८ साली झीव सुरास्की व अँडी गटमन्स ह्या इस्राएलमधील दोघांनी तिची घडण मुळापासून नवी केली आणि पीएचपी ३ ही आवृत्ती निघाली. 'पर्सनल होम पेज' हा नावाचा पहिला अर्थ तेव्हा मागे पडला व 'पीएचपी : हायपरटेक्स्ट प्रीप्रोसेसर' असा नवा विस्तार आला. म्हणजे नावाच्या अर्थात पुन्हा तेच नाव! वर्गात एखाद्या मुलाने अशी व्याख्या लिहिली तर मी त्याचे गुण कापीन. पण संगणकवाल्यांना हा विनोद फार आवडतो.

हे सारे पुढच्या दाराचे झाले. मागचे दार उघडले २००२ साली. कमांड लाइन म्हणजे आज्ञेची ओळ. संगणकावर एक काळी खिडकी उघडावयाची. तीत चित्रे नाहीत, बटणे नाहीत. एक ओळ टंकावयाची, कळ दाबावयाची, आणि उत्तर त्याच खिडकीत खाली उमटते. ह्या खिडकीतून चालविण्याजोगा पीएचपीचा स्वतंत्र अवतार ४.२ ह्या आवृत्तीत प्रयोगादाखल आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ४.३ मध्ये कायमचा झाला. तत्पूर्वीही धडपडे लोक ह्या खिडकीतून पीएचपी चालवीत असत. परंतु ते पडले पुढच्या दाराचे सोंग. ब्राउझरला उद्देशून असलेले शिष्टाचाराचे मथळे ते येथेही आधी छापी. वखारीत बसूनही प्रत्येक गोष्ट कागदात गुंडाळण्यासारखेच ते होते. नव्या अवताराने ते सोडले. आणखी एक महत्त्वाची गोष्ट त्याने सोडली, ती म्हणजे घड्याळ. पानासाठी चालणाऱ्या पीएचपीला सामान्यतः ३० सेकंदांची मुदत असते. तेवढ्यात काम न झाले तर ते तेथेच तोडले जाते. हे योग्यही आहे, कारण गादीसमोर रांग उभी असते. मागच्या दाराला ही मुदत नाही.

मोठ्या घरांत हे मागचे दार रोज वापरात असते. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. तो ज्या मीडियाविकीवर चालतो ती प्रणाली पीएचपीतच लिहिलेली आहे. तिची झाडलोट, दुरुस्ती, लेखांच्या गठ्ठ्यांची आयात-निर्यात ही कामे वाचकाला कधी न दिसणाऱ्या आज्ञांच्या ओळींनी होतात. शाळा-महाविद्यालयांत वापरली जाणारी मूडल ही प्रणालीही तशीच. तिची नित्याची पडद्यामागची कामे ठरावीक वेळाने मागच्या दाराने उरकावी लागतात. लाराव्हेल नावाच्या एका प्रसिद्ध सांगाड्यात तर ह्या मागच्या दाराच्या गड्याला 'आर्टिझन', म्हणजे कारागीर, असेच नाव दिले आहे. मला ते नाव आवडते.

आमच्या शहरात मात्र हे सहसा कोणी शिकवीत नाही. अमीरपेठेतल्या शिकवण्यांत मुले काही आठवड्यांत पीएचपी शिकून बाहेर पडतात. त्यांना पान करता येते, पानावर रंग भरता येतात. 'पान नसताना ही भाषा चालेल काय?' असे विचारले की ती हसतात. 'मग दिसणार कोठे, सर?' हा त्यांचा प्रश्न असतो.

आता ग्रंथालयाकडे वळू. सुलतान बाजाराला १९३३ पर्यंत रेसिडेन्सी बाजार म्हणत. कोटीच्या रेसिडेन्सीत ब्रिटिश वकील राही आणि भोवतालच्या बाजारांवर त्याचाच अंमल चाले. त्या वर्षी हा भाग निजामाकडे परत आला आणि त्याला आजचे नाव मिळाले. वाचनालये आणि सभा ह्यांना हा भाग पूर्वीपासून मानवला. श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् हे १९०१ साली स्थापन झालेले तेलुगू ग्रंथालय ह्याच भागातले. मराठीचेही तसेच. मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यात होते, तेव्हा वकिली, नोकरी, शिक्षण ह्यांसाठी तिकडची माणसे राजधानीत येत व येथेच बिऱ्हाड करीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते जिल्हे मुंबई राज्यात गेले. बिऱ्हाडे मात्र पुष्कळशी येथेच राहिली, आणि त्यांची पुस्तकेही.

मी ज्या ग्रंथालयाविषयी बोलतो आहे ते ह्या पुस्तकांवरच पोसलेले. त्याचे नाव मी सांगत नाही, कारण पुढे ज्या चुका येतील त्या आमच्याच आहेत. एखाद्या घरातले मराठी वाचणारे शेवटचे माणूस गेले की नातवंडे पिशव्या भरभरून पुस्तके आणून देतात. पहिल्या पानावर कोणाची तरी सही, कोठल्या तरी वाचनालयाचा पुसट शिक्का, क्वचित लग्नात अहेर म्हणून दिल्याची तारीख. ह्या पुस्तकांची कार्डे होती. मग २०१२ साली एका माजी विद्यार्थ्याने मोठ्या हौसेने पीएचपीत एक प्रणाली लिहून दिली आणि ती महाजालावर चढविली. त्या प्रणालीच्या पानावर एकेक कार्ड टंकण्याचे काम एका निवृत्त हिशेबनीस गृहस्थांनी अंगावर घेतले. आम्ही सारे त्यांना काका म्हणतो. सहा वर्षे, दर शनिवारी, दुपारी तीन ते सहा. काम संपल्यावर कार्डांचे लाकडी खण जागा अडवितात म्हणून कार्डे रद्दीत गेली. ह्या निर्णयाला हात वर करणाऱ्यांत मीही होतो.

पुढचे आपण ओळखले असेल. महाजालावरील जागेचे भाडे दरवर्षी भरावे लागते. त्याची आठवण देणारे पत्र ज्यांच्या पत्त्यावर जाई ते कार्यवाह वारले होते. भाडे थकले, जागा गेली आणि एके दिवशी पान उघडेना. हातात उरला तो एक पेनड्राइव्ह. त्या विद्यार्थ्याने परदेशी जाताना सर्व फायलींची व नोंदींची नक्कल करून तो दिला होता. काकांनी तो पाकिटात घालून वर 'यादी' असे लिहून ठेवला होता. ते मला म्हणाले, ''मास्तर, पान गेलं. ह्यात काही आहे का, बघता का?''

खरे सांगावयाचे तर ती यादी पूर्ण अशी कोणी कधी पाहिलेलीच नव्हती. प्रणालीत 'संपूर्ण यादी' असे एक बटण होते. ते दाबले की पुस्तकांची नावे उतरू लागत आणि मध्येच थांबत. आम्हांला वाटे, संगणक जुना आहे. वस्तुतः ती ३० सेकंदांची मुदत होती. विद्यार्थ्याचा कार्यक्रम प्रत्येक पुस्तकासाठी देवघेवीची सारी नोंदवही पुन्हा पहिल्यापासून चाळी. त्यामुळे निम्म्या वाटेवरच त्याची वेळ संपे. सहा वर्षे राबलेल्या माणसाला आपले निम्मेच काम कागदावर पाहावयास मिळाले होते.

कोटीतून घेतलेल्या एका जुन्या संगणकावर मी लिनक्स बसविले आणि त्यावर पीएचपीचा केवळ कमांड लाइनचा भाग घेतला. त्यासाठी पान वाटणारा सर्व्हर लागत नाही, महाजाल लागत नाही, भाडे लागत नाही. एक ओळ टंकून तो भाग येतो. काळ्या खिडकीत 'पीएचपी' हा शब्द, मग आडवी रेघ आणि तिला चिकटून 'व्ही' हे अक्षर टंकले की ती आपली आवृत्ती सांगते. आडव्या रेघेनंतर 'एल' हे अक्षर व मग फाइलचे नाव दिले, तर ती फाइल न चालविता तिचे व्याकरण तपासते. ही सोय मला शिक्षक म्हणून फार भावली. निबंध न वाचता केवळ शुद्धलेखन तपासून द्यावे, तसे. दोन फायलींत चुका निघाल्या. २०१२ साली शब्दातील एखादे अक्षर महिरपी कंसाने उचलता येई. पीएचपी ८ मध्ये, म्हणजे २०२० पासून, ती रीत बंद झाली. कंस बदलले. परंतु शुद्धलेखन बरोबर म्हणजे निबंध बरोबर, असे थोडेच आहे? 'ईच' नावाचे एक जुने साधनही पीएचपी ८ ने काढून टाकले आहे. ते व्याकरणाच्या तपासणीत सापडत नाही, कार्यक्रम त्या ओळीवर येऊन अडखळतो तेव्हाच कळते. तसे ते एका ठिकाणी कळलेही.

मग जुने पान डोळ्यांनी पाहावे म्हणून आडवी रेघ व मोठ्या लिपीतले 'एस' वापरले. २०१२ च्या ५.४ आवृत्तीपासून पीएचपीच्या पोटातच एक लहानसा सर्व्हर आहे. तो आपल्या स्वतःच्या संगणकापुरते पान उघडून दाखवितो. घरच्या तालमीपुरताच तो आहे, जगाला वाटण्यासाठी नव्हे. ग्रंथालयाचे जुने निळे पान पडद्यावर आले तेव्हा काका खुर्ची ओढून जवळ बसले.

ह्यानंतर जे घडले ते मी विसरणार नाही. यादीचा कार्यक्रम काळ्या खिडकीतून चालवावयाचा होता. मी त्या वेळी दुसऱ्याच फोल्डरमध्ये होतो. म्हणून कार्यक्रमाचा पूर्ण पत्ता टंकून कळ दाबली. क्षणार्धात उत्तर आले : 'एकूण पुस्तके ०.' पुन्हा चालविले, पुन्हा शून्य. काका काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. कार्डे रद्दीत घालण्यासाठी वर केलेला माझा हात मला त्या क्षणी आठवला.

घोटाळा असा होता. नोंदींची फाइल एसक्यूलाइट ह्या प्रकारची होती. ही एकच फाइल म्हणजे सारे कपाट. कार्यक्रमात तिचे नुसते नाव लिहिले होते, पत्ता नव्हता. पुढच्या दाराने, ब्राउझरमार्फत, काम चाले तेव्हा पीएचपी आपण होऊन कार्यक्रमाच्या फोल्डरमध्ये जाऊन उभी राही, आणि 'ग्रंथांची फाइल' म्हटले की शेजारचीच फाइल उचली. मागच्या दाराने ती असे करीत नाही. हुकूम देणारा जेथे उभा असेल तेथेच ती उभी राहते. मी दुसरीकडे उभा होतो. तेथे त्या नावाची फाइल नव्हती. आणि एसक्यूलाइटचा स्वभाव असा की, फाइल नसेल तर ती तक्रार करीत नाही, मुकाट्याने नवी कोरी फाइल तयार करते. त्यात आमच्या विद्यार्थ्याने 'तक्ता नसेल तर नवा आख' अशीही सोय सद्हेतूने करून ठेवली होती. झाले! कोरे कपाट, कोरा तक्ता, शून्य पुस्तके. खरे कपाट शेजारच्या फोल्डरमध्ये सुखरूप होते. हे उमगण्यास मला वीसएक मिनिटे लागली. ती फार मोठी होती. उपाय एका शब्दाचा आहे. कार्यक्रम स्वतः ज्या फोल्डरमध्ये राहतो त्याचा पत्ता पीएचपीत 'डीआयआर' ह्या अक्षरांच्या अलीकडे-पलीकडे दोनदोन अधोरेषा घालून मिळतो. तो फाइलच्या नावाआधी जोडला की आपण कोठेही उभे असा, कपाट तेच उघडेल.

ह्या प्रकारातून मी एक गोष्ट तत्काळ केली, जी आधीच करावयास हवी होती. मूळ फाइलची नक्कल केली आणि मूळ फाइल 'केवळ वाचनासाठी' अशी करून टाकली. मागच्या दाराला पहारेकरी नसतो. आपणास जे जे पुसण्याचा अधिकार आहे ते ते आपला कार्यक्रम न विचारता पुसू शकतो. म्हणूनच सर्वाधिकारी वापरकर्ता होऊन असे कार्यक्रम चालवू नयेत. जुन्या काळी चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीची एक प्रत दरवर्षी बिशपांच्या कचेरीत पाठविण्याचा दंडक होता. त्यामागचे शहाणपण मला त्या दिवशी कळले.

दुसरी अडचण लहान होती. पानावर असताना वाचक एखादा विषय निवडून बटण दाबी, आणि ती निवड कार्यक्रमाला पानाकडून पोहोचे. येथे पानच नाही, तेव्हा ती जागा रिकामी. मागच्या दाराने सांगावयाचे ते आज्ञेच्या ओळीतच, कार्यक्रमाच्या नावापुढे एक जागा सोडून, लिहावे लागते. पीएचपी ते 'आर्गव्ही' नावाच्या यादीत ठेवते. तिच्या शून्याव्या घरात कार्यक्रमाचे स्वतःचे नाव असते, आपला पहिला शब्द पहिल्या घरात. कार्यक्रमात दोन ओळी बदलल्या आणि 'सर्व' हा शब्द देऊन कळ दाबली.

या वेळी खिडकी गप्प राहिली. ३० सेकंद झाले. पूर्वी ती येथेच तुटे. मिनिट झाले. काकांनी हातातले घड्याळ पाहिले. एक मिनिट चाळीस सेकंदांनी खाली ओळ उमटली : 'एकूण पुस्तके ८४१७.' काका म्हणाले, ''हौ, इतकीच होती. मी मोजली होती.'' त्यांच्या वहीत शेवटच्या शनिवारी तोच आकडा लिहिलेला निघाला.

श्रोत्यांपैकी कोणी जाणकार म्हणतील की, एवढ्या नोंदींना दीड मिनिट का लागावे? कार्यक्रम नीट लिहिला तर दोन सेकंद पुरतील. खरे आहे. पण तो नीट लिहिणारा आज परदेशी आहे आणि आम्हांला यादी त्याच दिवशी हवी होती. मागच्या दाराचा हा गुण मी तरी मोठा मानतो. सामान्य माणसाने लिहिलेला सामान्य कार्यक्रमही तेथे शेवटापर्यंत जाऊ शकतो.

यादी निघाली, पण ती कशी निघाली? खिडकीत जोडाक्षरे विस्कटलेली दिसत होती, वेलांट्या भलतीकडे. ह्याने घाबरून जाऊ नये. अनेक काळ्या खिडक्यांना देवनागरी नीट जुळवून दाखविता येत नाही. आतला मजकूर शाबूत असतो. ओळीच्या शेवटी 'पेक्षा मोठे' ह्या गणिती चिन्हापुढे फाइलचे नाव दिले की उत्तर पडद्याऐवजी त्या फाइलमध्ये जाते; मग ती साध्या संपादकात उघडून पाहावी. तशी पाहिली तर जोडाक्षरे ठीक होती. लांबलचक नावांच्या शेवटी मात्र चौकटी आणि प्रश्नचिन्हे होती, आणि तो दोष खिडकीचा नव्हता.

येथे आपल्या लिपीचा प्रश्न येतो. पीएचपीची जुनी साधने अक्षरे मोजीत नाहीत, बाइट मोजतात. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, म्हणून तिकडे कोणाच्या ध्यानात येत नाही. हे आपण घरी करून पाहू शकता. आडवी रेघ व 'आर' दिली की पीएचपी फाइलशिवायच एखादी ओळ चालवून दाखविते. ती ओळ एकेरी अवतरणात घालावी, म्हणजे डॉलरचे चिन्ह वाटेत गिळले जात नाही. 'मराठी' ह्या शब्दाची लांबी साध्या 'स्ट्रलेन'ला विचारा; उत्तर येईल १५. 'एमबी' जोडलेल्या साधनाला विचारा; ५, कारण ते म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी असे सुटे मोजते. 'ग्राफीम' नावाच्या साधनाला विचारा, ३. आपल्या पहिलीतल्या मुलाचेही उत्तर तीनच. विद्यार्थ्याने पानाची रुंदी पाहून प्रत्येक नाव ठरावीक बाइटांवर कापले होते. म्हणून ठिकठिकाणी अक्षराचे तुकडे लोंबत होते. छापील यादीत कापण्याचे कारणच नव्हते. ते कापणे काढून टाकले.

इतर किरकोळ दुरुस्त्या चटकन सांगतो. इशाऱ्यांच्या ओळी यादीत मिसळत होत्या. त्या चुकांच्या वेगळ्या वाटेने पाठविल्या. यादीवरील वेळ साडेपाच तासांनी मागे पडत होती, कारण पीएचपी आपणास लंडनमधील ग्रिनिचची वेळ दाखवीत होती. पुढच्या व मागच्या दारांच्या सेटिंगच्या फायली निरनिराळ्या असू शकतात. एकीत दिलेले कोलकात्याचे कालस्थान दुसरीत आपोआप येत नाही. आणि शेवटी क्रॉन नावाच्या लिनक्सच्या पहारेकऱ्याला सांगून ठेवले की, दर शनिवारी साडेपाचला यादी नव्याने काढ व तिची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेव. साडेपाच अशासाठी की सहाला काका वीज बंद करून कुलूप लावतात.

मग यादी छापली. एका पानावर ४० ओळी, एकूण २११ पाने. पुढच्या शनिवारी ती मी अभिमानाने काकांपुढे ठेवली. त्यांनी पहिले पान पाहिले नाही, शेवटचे उघडले. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. ''मास्तर, 'क्ष' कुठं आहे?''

'क्ष' होता, पण तो 'क' च्या पोटात, 'कौ' च्या नंतर. संगणकाच्या दृष्टीने 'क्ष' हे स्वतंत्र अक्षरच नाही. क, हलन्त आणि ष. सांकेतिक क्रमांकांनुसार लावले की ते 'क' मध्ये जाते. 'ज्ञ' 'ज' मध्ये, आणि शब्दाच्या पोटातला 'ळ' 'ल' च्या शेजारी. आपल्या कोशांत मात्र 'ह' नंतर 'ळ', मग 'क्ष', 'ज्ञ' असा क्रम चालत आला आहे. मी म्हटले, ''काका, सापडल्याशी कारण.'' ते म्हणाले, ''सापडणार कुणाला? जो वाचनालयात आयुष्यभर शेवटच्या खणात 'क्ष' बघत आला, त्याला 'क' मध्ये बघायचं सुचेल का?'' हे मला मान्य करावे लागले. पीएचपीला 'इंटल' नावाची एक जोड मिळते. तीत जगातील अनेक भाषांचे वर्णक्रम भरलेले आहेत, मराठीचाही आहे. क्रम लावणाऱ्या साधनाला 'मराठी' असे सांगावे लागते, इतकेच. त्याच संध्याकाळी जोड घेतली, एक ओळ बदलली, यादी पुन्हा काढली. शेवटची पाने पुन्हा छापली आणि 'क्ष' आपल्या जागी गेला.

आता काका ती यादी घेऊन कपाटांपुढे उभे राहतात. कागदावर आहे पण फळीवर नाही अशा पुस्तकापुढे ते तांबड्या पेन्सिलीने बारीक टिंब देतात. फळीवर आहे पण कागदावर नाही, अशी काही पुस्तकेही निघाली आहेत. गेल्या शनिवारी ते 'ग' पर्यंत आले होते.